दारूचे दास्य आणि सुटकेची वाट



कापसाची वेचणी संपत आली, गाड्या जिनिंगच्या फाटकाशी लागल्या आणि शेतकऱ्याच्या हाती वर्षाचा पैसा आला, की आमच्या भैंसा परिसरात घरोघर दोन हिशेब सुरू होतात. एक हिशेब गृहिणी मनाशी करते. बियाण्याची व खताची उधारी इतकी, मुलांच्या शाळेची फी इतकी, थोरलीच्या लग्नासाठी बाजूला टाकायचे इतके, आणि उरलेच तर नाताळात धाकट्यांना नवे कपडे. दुसरा हिशेब बाजाराहून घरी येण्याच्या वाटेवर होतो आणि तो दारूचा दुकानदार करतो. ज्या घरात हा दुसरा हिशेब आधी होतो, त्या घरात पहिला कधीच पुरा होत नाही.

धर्मगुरू व्यसनावर लिहू लागले म्हणजे आता उपदेश ऐकावा लागणार, अशी वाचकांची समजूत होते. उपदेशाला त्याचे स्थान आहेच. परंतु आज आमचा हेतू थोडा निराळा आहे. दारूपायी बुडालेली माणसे खरोखर वर आली आहेत काय, आली असल्यास कोणत्या वाटेने आली, आणि त्या वाटेवर घराने, गावाने व ख्रिस्तसभेने काय करावे, याचा विचार आम्ही येथे करणार आहोत. शिवाय एका धोक्याची सूचनाही आम्हांस द्यावयाची आहे. ती नीट ध्यानात न घेतल्यास चांगल्या मनाने केलेला संकल्पही जिवावर बेतू शकतो.

आमच्या भागातील पेये

गोदावरीच्या या काठी मराठी व तेलुगू एकाच अंगणात नांदतात. पूर्वीच्या अदिलाबाद जिल्ह्यातील आणि २०१६ सालापासून निर्मल जिल्ह्यात गणला जाणारा हा मुलूख एके काळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या राजवटीत अबकारी हे सरकारी उत्पन्नाचे मोठे साधन होते. राजवट गेली, सरकारे बदलली, तरी दारूच्या उत्पन्नावर खजिना भरण्याची सवय कोणत्याच सरकारला सहजी सोडता आलेली नाही. वस्तुतः भारतीय राज्यघटनेच्या ४७ व्या कलमाने मादक पेयांच्या बंदीसाठी प्रयत्न करणे हे राज्याचे कर्तव्य ठरविले आहे.

आमच्याकडे मराठीत जिला शिंदी म्हणतात तिलाच तेलुगूत कल्लू म्हणतात. झाडावरून पहाटे उतरविलेला ताजा रस, म्हणजे नीरा, गोड असतो व त्यात नशा नसते. उन्हे वर येऊ लागली की तो आंबू लागतो व त्याचे मद्य होते. जीव धोक्यात घालून झाडावर चढणाऱ्या गौड बांधवांच्या कष्टांविषयी आमच्या मनात आदरच आहे. शिंदीखेरीज गुळापासून चोरून गाळलेला गुडुंबा आहे, रानातल्या वस्त्यांवर मोहाची दारू आहे, सीमेपलीकडे नांदेड जिल्ह्यात देशी दारूची दुकाने आहेत, आणि आता तर परवाना नसलेली ‘बेल्ट शॉप’ नावाची किरकोळ दुकाने खेड्यापाड्यांत किराणा मालाच्या शेजारी बसली आहेत. पूर्वी पिणाऱ्याला दारूकडे चालत जावे लागे. आज दारूच त्याच्या उंबऱ्याशी आली आहे.

तरुणांत गांजाचाही शिरकाव झाला आहे. कापसाच्या वा तुरीच्या ओळींत चार झाडे लपविली तर कोणास कळते, असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे की १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार गांजाच्या लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरीची शिक्षा आहे. पुडी घेऊन जाणारा व्यापारी क्वचितच सापडतो. शेत मात्र पळून जात नाही आणि शेताचा मालकही नाही.

शरीरात काय घडते?

व्यसनी मनुष्य ‘मनात आणले तर उद्या सोडीन’ असे म्हणतो, आणि घरचे लोक ‘मनात आणत नाही म्हणून सुटत नाही’ असे म्हणतात. दोघांच्याही बोलण्यात थोडे सत्य आहे. पण बरेच सत्य बाहेर राहते.

मद्य रक्तातून थेट मेंदूपर्यंत जाते. आरंभी थोड्याशा पिण्याने मेंदू सैल होतो, दुःख विसरल्यासारखे वाटते. पुढे मेंदू त्या विषाशी जुळवून घेऊ लागतो व तितक्याच नशेसाठी अधिक मद्य लागते. ‘मला कितीही चढत नाही’ अशी फुशारकी आमच्या गावांत मर्दुमकी समजली जाते. खरे पाहता ती आजाराची पहिली खूण होय. शेवटी अशी अवस्था येते की मद्य पोटात नसेल तर हात थरथरतात, घाम सुटतो, झोप उडते. आता तो सुखासाठी पीत नाही. उभे राहता यावे म्हणून पितो. तिकडे यकृत प्रथम चरबीने भरते, मग सुजते व अखेर दगडासारखे कठीण होते. जठर, हृदय, नसा व स्मरणशक्ती यांवरही घाला पडतो. गरोदर स्त्रीने घेतलेले मद्य उदरातील बाळापर्यंत जाते व त्याच्या मेंदूची वाढ खुंटवते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०१९ या एका वर्षात जगात सुमारे २६ लाख माणसे मद्यामुळे मृत्यू पावली. त्याच वर्षी आपल्या देशात केंद्र सरकारने दिल्लीच्या एम्स रुग्णालयाकरवी केलेल्या पाहणीचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यानुसार देशात सुमारे सोळा कोटी लोक मद्य घेतात, आणि सुमारे पावणेसहा कोटी लोकांचे पिणे घातक अथवा व्यसनाच्या थराला गेलेले आहे. याहूनही खेदाची गोष्ट अशी की मद्याच्या पूर्ण आहारी गेलेल्या दर ३८ माणसांपैकी केवळ एकाला काही ना काही उपचार मिळाला. बाकीच्या सदतीस जणांना काय मिळाले? शिव्या, मार, बहिष्कार, गंडेदोरे. आणि फार तर एखादी शपथ.

शपथेपूर्वी वैद्य

आमच्या सूचनेचे कारण हेच आहे. उपवासकाळ जवळ आला की पुष्कळ घरांतून माता व पत्नी आपल्या माणसाला देवळात घेऊन येतात आणि वेदीपुढे त्याच्याकडून दारू सोडल्याची शपथ घेववितात. त्यांच्या श्रद्धेला आम्ही वंदन करतो. परंतु जो मनुष्य वर्षानुवर्षे रोज भरपूर पितो, त्याने एकाएकी थेंबही न घेणे हे काही वेळा फार धोक्याचे असते. पहिल्या एकदोन दिवसांत त्याला झटके येऊ शकतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम होतो, नसलेले किडे व माणसे दिसू लागतात, ताप चढतो, आणि उपचार न मिळाल्यास मृत्यूही ओढवतो. भोळे लोक यालाच बाहेरची बाधा समजतात व दवाखान्याऐवजी मांत्रिकाचा रस्ता धरतात.

आमच्या परिसरात या धोक्यात आणखी भर पडली आहे. झाडे थोडी व पिणारे फार, म्हणून काही विक्रेते शिंदीत पाणी घालून तिची नशा वाढविण्यासाठी क्लोरल हायड्रेट, डायझेपाम, अल्प्राझोलाम अशी झोपेची व गुंगीची रसायने मिसळतात. पिणाऱ्याला वाटते आपण झाडाचा रस पितो. प्रत्यक्षात तो औषधांच्या व्यसनात अडकतो. २०१५ च्या सप्टेंबर महिन्यात तेलंगण सरकारने भेसळीविरुद्ध कडक मोहीम हाती घेतली व नशेची रसायने अकस्मात मिळेनाशी झाली. तेव्हा आमच्या शेजारच्या निजामाबाद व आसपासच्या जिल्ह्यांत शेकडो लोक झटके, भ्रम व विचित्र वर्तन अशा अवस्थेत रुग्णालयांत आणावे लागले. त्यांत वृद्ध स्त्रिया व मजूरही होते. काही मृत्यूंच्याही बातम्या आल्या. मोहीम योग्यच होती. पण सुटू पाहणाऱ्याला हात देण्याची तयारी त्याच वेळी झाली नाही, तर केवळ बंदीने काय होते, याचा तो कठोर धडा होता.

यास्तव आमचे सांगणे असे की, शपथ अवश्य घ्यावी. पण तत्पूर्वी सरकारी रुग्णालयात डॉक्टरांची भेट घ्यावी. त्यांना रोजचे प्रमाण, पेयाचा प्रकार व शेवटचे पिणे केव्हा झाले हे खरे सांगावे. पहिला आठवडा त्यांच्या देखरेखीखाली काढावा. योग्य औषधे व जीवनसत्त्व ब-१ मिळाल्यास हा कठीण घाट बहुतेकांना सुखरूप ओलांडता येतो. वैद्याकडे जाणे म्हणजे देवावरील विश्वास कमी होणे नव्हे. शुभवर्तमानकार संत लूक हे स्वतः वैद्य होते, असे ख्रिस्तसभेची परंपरा सांगते.

पाप की आजार?

हा प्रश्न आम्हांला वारंवार विचारण्यात येतो. ख्रिस्तसभेने द्राक्षारसाला कधीच अपवित्र मानलेले नाही. काना गावच्या लग्नात प्रभूने पाण्याचा द्राक्षारस केला, आणि शेवटच्या भोजनाच्या वेळी त्याच प्याल्याला सर्वांत मोठा मान दिला. परंतु देणगीचा दुरुपयोग करून बुद्धी गमावणे हा मात्र देवाने दिलेल्या प्रतिष्ठेचा अपमान होय. जाणूनबुजून व स्वेच्छेने दारूत धुंद होणे गंभीर पाप आहे, आणि दारू पिऊन वाहन चालवून दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणे तर अधिकच. ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षणग्रंथ मात्र हेही शिकवितो की जुनी सवय व मनाची दुर्बलता माणसाच्या स्वातंत्र्यावर बंधने घालतात, आणि त्या प्रमाणात त्याच्या कृत्याचा दोष कमी होऊ शकतो.

मग व्यसनी मनुष्य निर्दोष झाला काय? नाही. ज्याचा पाय मोडला त्याने धावले नाही म्हणून कोणी त्याला दोष देत नाही. पण हाडवैद्याकडे न जाता तो पाय तसाच कुजू दिला, तर दोष त्याच्याकडे येतो. तद्वत, व्यसनाने जखडलेल्या माणसावर ‘आजच्या आज बरा हो’ अशी जबाबदारी आपण टाकू शकत नाही. ‘आजच्या आज मदत माग’ ही जबाबदारी मात्र त्याचीच आहे. आणि मागितलेली मदत देणे ही आपली आहे.

या बाबतीत चीनमधील संत मार्क जी तिएनशियांग यांचे चरित्र मनन करण्याजोगे आहे. एकोणिसाव्या शतकातील हे सद्गृहस्थ वैद्य होते व गोरगरिबांना फुकट औषध देत. पोटाच्या दुखण्यासाठी त्यांनी स्वतः अफू घेतली आणि तिच्या पाशात सापडले. ते पुनःपुन्हा प्रायश्चित्त संस्काराला येत व पुनःपुन्हा त्याच पापाची कबुली देत. त्या काळी व्यसन हा आजारही आहे, हे ज्ञान कोणाला नव्हते. यांचा पश्चात्ताप खरा नसावा, असे समजून धर्मगुरूंनी त्यांना पापक्षमा नाकारली. सुमारे तीस वर्षे त्यांना ख्रिस्तप्रसाद मिळाला नाही. दुसरा कोणी असता तर रागावून देऊळ सोडता. हे मात्र येत राहिले, प्रार्थना करीत राहिले. व्यसन सुटावे म्हणून ते तळमळले. अखेरपर्यंत ते सुटले नाही. १९०० साली बॉक्सर बंडात ख्रिस्ती लोकांची कत्तल सुरू झाली, तेव्हा मुलगा, सुना व नातवंडांसह त्यांना धरून नेले. आपल्या घरच्या कोणालाही एकट्याने मरण पत्करावे लागू नये म्हणून, मला सर्वांच्या शेवटी मारा, अशी त्यांनी विनंती केली आणि पवित्र मरियेची लितानी गात ते उभे राहिले. १ ऑक्टोबर २००० रोजी परमगुरू जॉन पॉल दुसरे यांनी चीनच्या १२० हुतात्म्यांत त्यांनाही संतपद दिले.

वाचकहो, ज्याला आपण मागच्या बाकावर पाहून कुजबुजतो, तो कदाचित रोज आपल्याहून मोठी लढाई लढत असेल.

डब्लिनचा हमाल

दुसरे उदाहरण सुटका झालेल्याचे. आयर्लंडमधील डब्लिन शहरात १८५६ साली मॅट टॅलबट यांचा जन्म झाला. घरची गरिबी असल्यामुळे बाराव्या वर्षीच ते मद्य बाटल्यांत भरणाऱ्या एका दुकानात कामाला लागले व तेथेच पिऊ लागले. पुढे सारी मजुरी गुत्त्यात जाऊ लागली. पैसे संपले की बूट गहाण पडत. एकदा तर दारूसाठी त्यांनी व त्यांच्या मित्रांनी एका वादकाचे फिडल चोरले. १८८४ साली अठ्ठावीस वर्षांचे असताना, खिसा रिकामा झाल्यामुळे, एका शनिवारी ते गुत्त्याबाहेर उभे राहिले. ज्यांना आजवर पाजले त्यांपैकी एक तरी मित्र आत बोलावील ही आशा होती. एकानेही बोलावले नाही. ते तसेच घरी गेले व आईला म्हणाले, आपण शपथ घेणार. आईनेही सांगितले, पाळायची असेल तरच घे.

त्यांनी प्रथम केवळ तीन महिन्यांची शपथ घेतली. ती पाळल्यावर सहा महिन्यांची, आणि मग जन्माची. कामावर जाण्यापूर्वी रोज पहाटेची मिस्सा, कामानंतर गुत्त्याऐवजी देऊळ, आणि हळूहळू जुन्या उधाऱ्यांची परतफेड, असा त्यांचा क्रम होता. त्या वादकाचा त्यांनी पुष्कळ शोध केला. तो सापडला नाही, तेव्हा त्याच्या आत्म्यासाठी मिस्सा करविल्या. लाकडाच्या वखारीत हमाली करीत एकेचाळीस वर्षे त्यांनी दारूला स्पर्श केला नाही. ७ जून १९२५ रोजी मिस्सेला जातानाच रस्त्यात त्यांचा अंत झाला. १९७५ साली ख्रिस्तसभेने त्यांना ‘आदरणीय’ म्हणून घोषित केले.

या चरित्रातून तीन गोष्टी शिकाव्यात. शपथ लहान असावी व पाळून वाढवावी. दारूचा जो तास होता त्या तासाला दुसरे काही काम, दुसरी जागा दिली पाहिजे. तो रिकामा ठेवला तर जुना पाहुणा परत येतो. आणि केलेल्या नुकसानीची जमेल तेवढी भरपाई केली पाहिजे, कारण तिच्यावाचून मन हलके होत नाही.

एकमेकांच्या आधाराने

मॅट टॅलबट एकाकी लढले. सर्वांना तसे जमत नाही. १९३५ साली अमेरिकेत अॅक्रन शहरी बिल विल्सन नावाचे शेअर दलाल व बॉब स्मिथ नावाचे शल्यवैद्य, दोघेही दारूने उद्ध्वस्त झालेले, एकत्र आले. त्यांच्या ध्यानी आले की, एक व्यसनी दुसऱ्या व्यसनीला मदत करू लागला म्हणजे तो स्वतःही सावरतो. यातून ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’ ही संघटना जन्मास आली. पहिल्या काळात अॅक्रनच्या संत थॉमस रुग्णालयात सिस्टर इग्नेशिया यांनी अशा रुग्णांसाठी दार उघडले, आणि फादर एडवर्ड डाउलिंग हे येशूसंघीय धर्मगुरू विल्सन यांचे आध्यात्मिक मित्र झाले. आपण असमर्थ आहोत हे कबूल करणे, देवाच्या हाती स्वतःला सोपविणे, आपल्या दोषांची झडती घेणे, ते दुसऱ्यापुढे बोलून दाखविणे, भरपाई करणे आणि इतरांना मदत करणे, अशा बारा पायऱ्या या संघटनेने सांगितल्या. प्रायश्चित्त संस्काराची ओळख असलेल्या ख्रिस्ती माणसाला त्या परक्या वाटणार नाहीत. १९५७ साली हे कार्य भारतात आले. सभेला फी नाही, नाव विचारीत नाहीत, जातधर्म पाहत नाहीत.

आपल्या मराठी मुलखाकडे येऊ. १९८१ साली मुंबईत वांद्र्याच्या माउंट कार्मेल देवळाच्या आश्रयाने फादर जो परेरा यांनी ‘कृपा फाउंडेशन’ सुरू केले. फादर स्वतः मद्याच्या व्यसनातून बाहेर आलेले असून ते ही गोष्ट उघडपणे सांगतात. योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार यांच्याकडून शिकलेली योगसाधना व बारा पायऱ्या यांची त्यांनी सांगड घातली. सरकारने २००९ साली त्यांना पद्मश्री देऊन गौरविले. एका धर्मगुरूची जखम अशा रीतीने हजारोंच्या औषधाचे साधन झाली.

त्यानंतर १९८६ साली पुण्यात ‘मुक्तांगण’ उभे राहिले. त्या सुमारास मुंबई-पुण्याकडे गर्द नावाच्या विषारी भुकटीने तरुणांना ग्रासले होते. लेखक डॉ. अनिल अवचट यांनी त्यावर लेख लिहिले. ते वाचून पु. ल. देशपांडे व सुनीताबाई यांनी देणगी देऊ केली, आणि मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांनी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात व्यसनमुक्तीचे केंद्र उघडले. १९९७ साली त्या कर्करोगाने निवर्तल्या. कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी कार्य पुढे नेले. तेथे रुग्णाला कोंडून ठेवीत नाहीत की मारझोड करीत नाहीत. पूर्वी व्यसनी असलेले पुष्कळ जण तेथेच कार्यकर्ते झाले आहेत, आणि रुग्णांच्या पत्नींचे ‘सहचरी’ नावाचे मंडळही आहे. कारण एका माणसाच्या दारूने सारे घर आजारी पडते हे त्यांनी ओळखले.

घरच्यांसाठी चार शब्द

भगिनींनो, पतीची दारू ही तुमची चूक नाही. ‘बायको बरी असती तर तो प्याला नसता’ असे म्हणणाऱ्या सासरच्या व माहेरच्या मंडळींनी हे वाक्य आता टाकून द्यावे.

वर्तमानपत्रातील जाहिराती पाहून काही जणी ‘रुग्णाला नकळत द्या’ अशा पुड्या जेवणात मिसळतात. असे कदापि करू नये. दारू सोडण्यासाठी डायसल्फिराम नावाचे औषध डॉक्टर देतात. पण ते रुग्णाच्या संमतीनेच. त्याला न सांगता ते दिले व तो वर दारू प्यायला, तर उलट्या होऊन, रक्तदाब उतरून त्याचा जीव जाऊ शकतो. अशा पुडीत काय आहे, हे तर देणाऱ्यालाही ठाऊक नसते.

नशेत असलेल्या माणसाशी वाद घालू नये. सकाळी, शुद्धीवर असताना, शांतपणे व ठामपणे बोलावे. त्याची उधारी फेडणे, मालकाकडे ‘त्यांना ताप आहे’ असे खोटे सांगणे, यांनी तो वाचत नाही. पिण्याचे फळ त्याला दिसतच नाही, म्हणून पिणे लांबते. परंतु मारहाण होत असेल, तर सहन करणे हा क्रूस आहे असे समजू नका. स्वतःला व लेकरांना आधी सुरक्षित जागी न्या. घरगुती हिंसाचाराविरुद्ध २००५ चा कायदा तुमच्या बाजूला आहे, आणि ख्रिस्तसभाही.

मुलांना दुकानावर बाटली आणावयास पाठवू नका. बापाची लाज वाटणारे मूल शाळेत गप्प होते, रात्री जागे राहते, आणि पुष्कळदा पुढे त्याच वाटेला लागते. ‘बाबांना आजार आहे, तो तुझ्यामुळे झालेला नाही’ एवढे वाक्य त्याला वेळेवर ऐकवा. सल्ल्यासाठी १४४४६ हा केंद्र सरकारचा निःशुल्क दूरध्वनी आहे.

गावाने काय करावे?

आमचा हा प्रदेश आंध्र प्रदेशात होता त्या वेळची हकीकत आहे. १९९२ साली नेल्लूर जिल्ह्यातील दुबगुंटा गावी साक्षरता वर्गांत बसणाऱ्या कष्टकरी स्त्रियांनी, रोसम्मा या भगिनीच्या पुढाकाराने, गावातले अरकाचे दुकान बंद पाडले. अक्षरे शिकता शिकता त्या हिशेबही शिकल्या होत्या. ही ठिणगी राज्यभर पसरली. १ ऑक्टोबर १९९३ पासून अरक बंद झाला व १९९५ साली संपूर्ण दारूबंदी आली. १९९७ साली ती उठविण्यात आली. आमच्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातही २०१५ साली आलेली बंदी २०२१ साली उठली. गडचिरोलीत मात्र १९९३ साली आलेली बंदी अजून आहे, व तेथे डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेच्या सहभागाने ‘मुक्तिपथ’ हा उपक्रम २०१६ पासून उपचार व लोकजागृती यांची जोड तिला देत आहे. महाराष्ट्रात गावातील स्त्रियांना मतदानाने दुकान बंद करविण्याचा मार्ग आहे. ‘उभी बाटली, आडवी बाटली’ या चिन्हांमुळे तो सर्वांना माहीत आहे. सरकार देते ते सरकार काढून घेऊ शकते. गावाने स्वतः मनाशी केलेला निश्चय मात्र कोणाला रद्द करता येत नाही.

म्हणून आपल्या धर्मग्रामात आम्ही पुढील गोष्टी सुचवितो. लग्न, बारसे, पहिला ख्रिस्तप्रसाद व गावचा सण या प्रसंगी दारू वाटण्याची प्रथा बंद व्हावी. मयताच्या घरी ‘खांदेकऱ्यांना’ म्हणून पाजणे तर ताबडतोब थांबावे. मजुरीचा वा पाणी दिल्याचा मोबदला दारूने देऊ नये. व्यसन सोडलेल्या माणसाला ‘एक घोट, काही होत नाही’ असा आग्रह करणे हे आंधळ्याच्या वाटेत धोंडा ठेवण्यासारखे पाप समजावे. बचत गटाच्या भगिनींनी कापसाच्या पैशाचा काही भाग हाती पडताच बँकेत टाकण्याची सवय घरोघर लावावी. आणि आठवड्यातून एका सायंकाळी देवळाची खोली अशांच्या सभेसाठी उघडी ठेवावी. तेथे कोणत्याही धर्माच्या बांधवाला मज्जाव नसावा.

अखेरची एक गोष्ट. सुटलेला माणूस पुन्हा पडू शकतो. एखाद्या लग्नात, एखाद्या भांडणानंतर तो पितो, आणि सारे म्हणतात, कुत्र्याचे शेपूट नळीत घालूनही वाकडेच. वाचकहो, असे म्हणू नका. प्रभू येशू ख्रिस्त क्रूस वाहताना वाटेत तीनदा पडले, असे आपण क्रूसाच्या वाटेच्या भक्तीत दर शुक्रवारी स्मरतो. ते तिन्ही वेळा उठले, आणि वाटेत सिमोन नावाच्या एका खेडुताने त्यांच्या क्रूसाला खांदा दिला. पडलेल्याला हिशेब विचारण्याऐवजी खांदा देणारा एक सिमोन आपल्या प्रत्येक वाडीवर निघाला, तर पुढच्या वेचणीचा पैसा अधिक घरांत सुखरूप पोहोचेल.

तसे घडो. पवित्र माता मरिया आपल्या घरांवर कृपादृष्टी ठेवो, आणि बंदिवानांना मोकळे करणारा प्रभू आपणा सर्वांस आशीर्वाद देवो.